वही त्यांची, कुलूप त्यांचं. किल्ली तरी आपली असू द्या

काशीत संकठा घाटाच्या एका अंगाला शिंद्यांचा घाट आहे आणि दुसऱ्या अंगाला, गंगामहालाच्या पलीकडे, नागपूरकर भोसल्यांचा. मराठी माणसाला हा सगळा पट्टा आपल्या पराक्रमाची खूण म्हणून दाखवला जातो. दगड मराठ्यांच्या पैशाचा, हे खरंच. पण त्या दगडी पायऱ्यांवर बसून वही कोण लिहीत होतं, हे कुणी दाखवत नाही.

तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या वह्या तुम्हाला ऐकून माहीत असतील. काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, आपल्याकडे नाशिक आणि त्र्यंबकेश्वर. यजमान आला की त्याचं गाव, कूळ, बाप, आजा, कोण मेलं, कोण जन्मलं, सगळं वहीत. पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ यजमानाची, पण वही पुरोहिताची. ती उघडायची कधी, दाखवायची कुणाला, दक्षिणा किती, हे तोच ठरवणार. आणि ज्यांना यजमान म्हणून दारातच उभं केलं नाही, त्यांचं नाव त्या वहीत येणारच कुठून?

काशीच्या कागदाची ताकद किती, हे १६७४ साली महाराष्ट्राने पाहिलं. तलवारीने राज्य उभं करणाऱ्या शिवाजी महाराजांना इथले ब्राह्मण क्षत्रिय मानायला तयार नव्हते. शेवटी काशीहून गागाभट्ट आले, वंशावळ पुढे आली, आणि मग राज्याभिषेक झाला. राजालाही ‘तू कोण’ हे दुसऱ्याच्या पोथीतून सिद्ध करावं लागलं. मग गावकुसाबाहेरच्या माणसाची काय कथा!

गावात हेच काम कुलकर्ण्याचं दप्तर करत होतं. जमीन कुणाची, देणं किती, वसूल किती हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं आणि कुलकर्ण्याला हवं तसं लिहिता येत होतं. जोतीराव फुल्यांनी भट-कुलकर्ण्यांच्या लेखणीवर आयुष्यभर कोरडे ओढले ते उगाच नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले, तेही उगाच नाही. दोघांनाही एक गोष्ट नीट कळली होती: दप्तर ज्याच्या घरात, गाव त्याच्या मुठीत.

आता मला सांगा, तुमचं दप्तर आज कुणाच्या घरात आहे?

तुम्ही म्हणाल, ड्राइव्हवर आहे. क्लाऊडमध्ये आहे. ‘क्लाऊड’ म्हणजे ढग नव्हे. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याचा संगणक, दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या नियमांनी चालणारा. कंपनी सांगते की आमच्याकडे तुमच्या फाइली एन्क्रिप्ट केलेल्या असतात, म्हणजे कुलूपबंद असतात. खोटं नाही ते. तुमच्या फोनपासून त्यांच्या संगणकापर्यंतच्या वाटेवर कुलूप असतं, त्यांच्या डिस्कवर ठेवतानाही असतं. पण नेहमीच्या सेवेत त्या कुलपाची किल्ली कंपनीजवळच राहते. पासवर्ड विसरला तरी त्या तुम्हाला फाइल परत देतात, फाइलच्या आतला मजकूर शोधून देतात, यावरूनच समजा की किल्ली कुणाकडे आहे. चोरापासून संरक्षण आहे; वही सांभाळणाऱ्यापासून नाही.

ही कल्पनेतली भीती नव्हे. अमेरिकेतल्या एका बापाने आपल्या आजारी लहान मुलाचे फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढले. ते आपोआप क्लाऊडवर गेले, यंत्राने तपासले, बालशोषणाचे म्हणून ठरवले. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष सांगितलं, तरी गुगलने त्याचं खातं परत दिलं नाही. वर्षानुवर्षांची पत्रं, फोटो, संपर्क, सगळं गेलं. ही बातमी २०२२ साली न्यूयॉर्क टाइम्सने छापली. तो माणूस सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता, त्याची गोष्ट छापायला वर्तमानपत्र उभं राहिलं. तुमचं खातं बंद झालं तर तुमच्यासाठी कोण उभं राहील, याचा विचार करा.

आणि आपल्या कागदांची गोष्टच निराळी आहे. ज्यांच्या घरात चार पिढ्या पदवीधर आहेत त्यांच्या ड्राइव्हमध्ये लग्नाचे आणि सहलीचे फोटो असतात. आपल्या ड्राइव्हमध्ये काय असतं? जातीचा दाखला. जात वैधता प्रमाणपत्र. उत्पन्नाचा दाखला. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. काकाची वैधता, आत्याचा दाखला, म्हणजे एकट्याचे नाहीत, सगळ्या भावकीचे कागद. अनुसूचित जातीच्या माणसाने १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणायचा, विमुक्त-भटक्यांनी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींनी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. गंमत पाहा: ज्यांना घाटावरच्या वहीत जागा नव्हती, ज्यांच्या आज्याला शाळेच्या व्हरांड्यात बसवलं, त्यांच्याकडेच आज वंशावळ मागितली जाते. आणि ते कागद गोळा करता करता बापाची चप्पल झिजते.

एवढ्या कष्टाने मिळवलेले कागद जातात कुठे? तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. सेतू केंद्राशेजारच्या सायबर कॅफेच्या डेस्कटॉपवर, ‘न्यू फोल्डर (३)’ मध्ये. कॉलेजने दिलेल्या ईमेल खात्याच्या ड्राइव्हवर. या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. कॉलेजने किंवा कंपनीने दिलेलं खातं तुमचं नसतं, संस्थेचं असतं. संस्थेच्या अ‍ॅडमिनला पासवर्ड बदलता येतो, खातं गोठवता येतं, आतला मजकूरही मिळवता येतो. गाइडने केलेल्या जातीवाचक छळाची तक्रार तुम्ही त्याच खात्यात लिहून ठेवता, स्क्रीनशॉट त्याच ड्राइव्हवर टाकता, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांच्याच संस्थेच्या कपाटात तो कागद जपून ठेवता! पाटलाविरुद्धची फिर्याद पाटलाच्याच वाड्यात ठेवायला दिल्यासारखं आहे हे.

मग कागद क्लाऊडवर ठेवूच नयेत का? असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या पक्क्या घरात लोखंडी कपाट असतं. पत्र्याच्या घरात, दर पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली, ट्रंकेतल्या कागदाचं काय होतं हे त्यांना ठाऊक नसतं. फोन हरवतो, पेनड्राइव्ह खराब होतो, वस्तीत आग लागते, बुलडोझर येतो. दुसऱ्या ठिकाणी प्रत हवीच.

या बाबतीत मला १९१७ साल फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी बाबासाहेब लंडनहून परत येत होते. त्यांचं सामान, त्यात त्यांची जमवलेली पुस्तकं, वेगळ्या बोटीने निघालं होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं. ती बोट पाणबुडीने बुडवली. पै-पै वाचवून घेतलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला. एकाच ठिकाणी ठेवलेली गोष्ट अशी जाते. त्याच वर्षी ते बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारश्यांच्या धर्मशाळेत उतरले. रजिस्टरमध्ये एक नाव, खरी ओळख दुसरी. ती ओळख फुटली तेव्हा काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि परदेशातून शिकून आलेला तो विद्वान रस्त्यावर आला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे.

एकाच वर्षातल्या या दोन घटना, आणि आपल्यासाठी दोन नियम. कागद बुडता कामा नये, म्हणून तो एकाहून जास्त ठिकाणी हवा. आणि ओळख कुणाला, केव्हा सांगायची हे आपल्या हातात हवं, म्हणून कागदाला कुलूप हवं. क्लाऊड पहिला नियम पाळतो. दुसरा नियम आपल्याला पाळावा लागतो: फाइल वर चढवण्याआधी आपल्या यंत्रावर आपणच कुलूप लावायचं आणि किल्ली कंपनीला द्यायचीच नाही. मग तिकडे जाईल ती नुसती बंद पेटी.

इथे नेहमीचा प्रश्न येतो: ‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?’ हा प्रश्न विचारणाऱ्याचं आडनाव आधी विचारा. घर भाड्याने घेताना ज्याला ‘नॉनव्हेज खाता का’ असं आडून कुणी विचारलेलं नाही, त्याला लपवण्यासारखं काही नसणारच. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं कमी आलं. आडनावानेच एवढं होतं, तर दाखल्याची अख्खी फाइल हाती लागल्यावर काय होईल?

आपल्यातलाही एक आक्षेप आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. ‘आपण ताठ मानेने जय भीम म्हणणारी माणसं. जात लपवणं म्हणजे शरणागती.’ बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आली. त्यातला रेल्वेच्या नोकरीवर परगावी गेलेला तरुण खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि कळल्यावर मार खातो. ती कथा वाचून लाज कुणाला वाटायला हवी? न सांगणाऱ्याला, की मारणाऱ्याला? मी जात लपवायला सांगत नाही. सभेत, लेखात, मोर्चात मोठ्याने सांगा. पण मी स्वतः सांगणं वेगळं आणि कुणीतरी माझं दप्तर उघडून वाचणं वेगळं. पहिल्यात माझा आवाज आहे, दुसऱ्यात माझी झडती आहे.

आणि झडती माणूस गेल्यावरही थांबत नाही. रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर चर्चा छळाची व्हायला हवी होती. झाली त्याच्या जातीच्या दाखल्याची. मे २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांच्या क्लोजर रिपोर्टमध्ये तो अनुसूचित जातीचा नव्हताच असं आलं. ओरड झाल्यावर पुढील तपास करू असं पोलीस म्हणाले. पण त्याच्या आईला मुलाच्या न्यायाआधी स्वतःची जात सिद्ध करत फिरावं लागलं. आपल्या कागदाचं वजन हे असं आहे.

कायदा मदतीला येईल का? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ठीक. त्यानंतर २०१८ चा श्रीकृष्ण समितीचा मसुदा आणि २०१९ चं विधेयक, दोन्हींत ‘जात किंवा जमात’ ही संवेदनशील माहिती म्हणून वेगळी नोंदवली होती. तिला जास्त संरक्षण मिळणार होतं. २०२३ साली जो कायदा प्रत्यक्षात झाला, त्यात संवेदनशील माहिती हा वर्गच उरला नाही. म्हणजे तुमचा जातीचा दाखला आणि तुमच्या पिझ्झाची ऑर्डर, कायद्याच्या लेखी एकाच तागडीत! शिवाय सरकारला हव्या त्या सरकारी यंत्रणेला या कायद्यातून सूट देण्याची सोयही त्यातच आहे. यावर वृत्तवाहिन्यांवर किती चर्चा झाल्या? जात हा धोका आहे हे ज्यांना कधी जाणवलंच नाही, त्यांनी कायदा लिहिला की जात अशी गळून पडते.

सप्टेंबर २०१५ मधला सरकारचा एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदाही आठवा. नागरिकाने आपल्या कुलूपबंद संदेशाची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी, अशी त्यात अपेक्षा होती. हसू झालं, मसुदा लगेच मागे घेतला. पण त्यातून मनातली इच्छा दिसली.

आता भीमा-कोरेगावकडे येऊ, कारण ते टाळून या विषयावर बोलणं म्हणजे स्वतःची फसवणूक. एल्गार परिषदेच्या खटल्यात अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या अहवालाप्रमाणे, २०१६ मध्ये एका ईमेलमधून नेटवायर नावाचा घुसखोर प्रोग्राम त्या लॅपटॉपमध्ये शिरला, सुमारे २२ महिने तिथे राहिला आणि पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं त्याच वाटेने लपवलेल्या फोल्डरमध्ये पेरली गेली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकांबद्दलही त्याच संस्थेने असंच म्हटलं. एनआयएने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. स्टॅन स्वामी मात्र ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच गेले.

यातून दोन धडे निघतात. पहिला कडू आहे: यंत्रातच घुसखोर बसला असेल तर क्लाऊडवरच्या फाइलीचं कुलूप वाचवू शकत नाही, कारण तुम्ही किल्ली फिरवता तेव्हा तो तुमच्या खांद्यावरून पाहत असतो. म्हणून अनोळखी अटॅचमेंट उघडायची नाही, ओळखीच्या नावाने आलेली असली तरी फोन करून खात्री करायची, फोन आणि लॅपटॉपचे अपडेट टाळायचे नाहीत, फुकटचे चोरीचे सॉफ्टवेअर टाकायचे नाहीत. दुसरा धडा कमी बोलला जातो: कुलूप फक्त वाचणाऱ्याला अडवत नाही, पेरणाऱ्यालाही अडवतं. ज्याला फक्त तुमच्या क्लाऊड खात्याचा पासवर्ड मिळाला आहे, त्याला उघड्या ड्राइव्हमध्ये हवी ती फाइल टाकता येते. कुलूपबंद पेटीत किल्लीशिवाय नवा कागद घालता येत नाही. पेटीची मोडतोड करता येईल, पण तुमच्या नावाचं पत्र आत सरकवता येणार नाही.

प्रत्यक्ष करायचं काय? संगणक असेल तर क्रिप्टोमेटर हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर संगणकावर मोफत मिळतं. ते तुमच्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्येच एक पेटी तयार करतं; तुम्ही त्यात फाइल टाकली की मजकूर आणि फाइलचं नाव दोन्ही कुलूपबंद होऊन वर जातात. नावाचंही महत्त्व आहे, कारण ‘कास्ट व्हॅलिडिटी’ एवढं नावच पुरेसं बोलकं असतं. एवढं नको असेल तर सेव्हन-झिप घ्या, पासवर्ड टाका, एईएस-२५६ असतंच, ‘फाइलची नावंही एन्क्रिप्ट करा’ या चौकटीत खूण करा आणि ती एक फाइल वर चढवा. नुसता फोन असेल तर फोनवरही अशी पासवर्डबंद फाइल तयार करणारी अ‍ॅप आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपला २०२१ पासून तुमच्या किल्लीचं कुलूप लावता येतं, पण ते आपोआप लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं.

पासवर्ड ‘जयभीम’ आणि पुढे १४ एप्रिल असा ठेवू नका. तुम्हाला ओळखणारा कुणीही तो पहिल्या पाच प्रयत्नांत टाकेल. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडा. आणि लक्षात ठेवा, इथे ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नाही. किल्ली आपली म्हणजे हरवण्याची जबाबदारीही आपलीच. म्हणून पासवर्ड कागदावर लिहा, दोन प्रती करा, एक आईच्या ट्रंकेत आणि दुसरी विश्वासाच्या माणसाकडे. ज्यांनी जन्मभर कागद जपले त्या आईला हा एक कागद जड नाही.

कुलूप लावल्यावर उघड्या प्रती पुसा: डाउनलोड फोल्डर, पाठवलेले ईमेल, कचरापेटी, झेरॉक्सवाल्याची चॅट. डिजिलॉकरमध्ये सरकारने दिलेले दाखले आहेत तर असू द्या, ती सरकारचीच नोंद आहे. पण छळाचे पुरावे, तक्रारीचे मसुदे, दवाखान्याचे कागद आणि भावकीचे दाखले तिथे नसतात; ते पेटीतच हवेत. आणि तुम्ही संघटनेचं काम करत असाल तर सदस्यांची यादी, देणगीदारांचे फोन नंबर, अत्याचारग्रस्त कुटुंबाचे जबाब उघड्या शीटमध्ये ठेवणं हा निष्काळजीपणा नाही, विश्वासघात आहे. त्या बाईने आपलं नाव तुम्हाला सांगितलं होतं, लिंक असणाऱ्या सगळ्यांना नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात स्वतःच्या फाइलीला कुलूप लावणं गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली मात्र सरकार ठरावीक कारणांसाठी, लेखी आदेशाने, माहिती उघडून द्यायला सांगू शकतं आणि नकाराला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे हे कुलूप म्हणजे जादूचं कवच नव्हे. पण त्याने एक मोठा फरक पडतो. उघडं दप्तर तुम्हाला न कळवता, तुमच्या पाठीमागे, कंपनीकडून मागून वाचता येतं. बंद दप्तरासाठी तुमच्या दारात यावं लागतं, कागद दाखवावा लागतो, कारण सांगावं लागतं. तुम्हाला वकील बोलावता येतो. ज्या समाजाच्या घरात शतकानुशतकं न विचारता शिरण्याचा रिवाज होता, त्याच्यासाठी ‘आधी विचारा’ हे दोन शब्द लहान नाहीत.

हे सगळं इंग्रजीत, परदेशी पत्रकारांसाठी आणि वकिलांसाठी लिहिलेलं पुष्कळ सापडतं. आपल्या वसतिगृहात, अभ्यासिकेत, विहारात ते कुणी शिकवत नाही. आपण जयंतीला लायटिंगसाठी वर्गणी काढतो. त्याच आठवड्यात विहारात एक लॅपटॉप ठेवून, वस्तीतल्या दहावी-बारावीच्या पोरांचे दाखले स्कॅन करून त्यांच्याच किल्लीने कुलूपबंद करून देणं अवघड नाही. एक रविवार पुरतो. त्यात पहिली पेटी ज्या मुलीची तयार होईल, तिच्या घराण्याची वही पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या ताब्यात असेल.

जय भीम.